विश्लेषण : बॅकअप रोज होतो, फाइल मात्र रिकामी! ‘डॉट ईएनव्ही’मधला पासवर्ड स्क्रिप्टपर्यंत का पोहोचत नाही?

रात्री दोन वाजता स्क्रिप्ट चालते. बॅकअपची फाइल तयार होते, नावात तारीखही बरोबर पडते. सहा महिन्यांनी गरज लागते तेव्हा कळते, की आत काहीच नाही. छोट्या व्यवसायांच्या सर्व्हरवर घडणाऱ्या या प्रकारामागे अनेकदा चार-पाच ओळींची एक साधी मजकूर-फाइल आणि ती वाचण्याची चुकीची पद्धत असते. हीच फाइल चुकीच्या जागी राहिली, तर पासवर्ड थेट इंटरनेटवर उघडे पडतात. हे प्रकरण नेमके काय आहे?

(या लेखात आज्ञा आणि व्हेरिएबलची नावे देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागतात.)

वालीवचा गाळा आणि 20 बाइट

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळे एकाला एक लागून आहेत. समजा, त्यातल्या एका गाळ्यात पोटमाळ्यावर बिलिंगचा कॉम्प्युटर आहे. त्यावर लिनक्स आहे, पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे आणि ग्राहकांची उधारी, जीएसटीची बिले, कामगारांची हजेरी सगळे त्यात आहे. विरारला राहणाऱ्या आणि रोज लोकलने अंधेरीला नोकरीला जाणाऱ्या ओळखीतल्या एका मुलाने रविवारी बसून रोजच्या बॅकअपची स्क्रिप्ट लिहून दिली आहे.

हा बॅकअप हौसेचा नाही. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारदरम्यानची लोकल बंद पडली, शहराच्या मोठ्या भागातली वीज गेली. तेव्हा तळमजल्यावर ठेवलेल्या कोणत्याही यंत्राचे काय होऊ शकते, हे इथल्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून डेटाची एक प्रत रोज रात्री बाहेर, क्लाउडवर जाते. निदान सगळ्यांचा समज तसा आहे.

स्क्रिप्ट तीन कामे करते. एका फाइलमधून डेटाबेसचा पासवर्ड वाचते, ‘पीजी डंप’ या प्रोग्रामकरवी डेटा बाहेर काढते आणि ‘जीझिप’ने तो दाबून फाइल बनवते. त्या मुलाने स्वतः टर्मिनलवर चालवली तेव्हा ती नीट चालली. मग रोज रात्री आपोआप चालावी म्हणून ती ‘क्रॉन’कडे सोपवली. त्या रात्रीपासून ‘पीजी डंप’ला पासवर्ड मिळेनासा झाला. विचारायला समोर माणूस नाही, टर्मिनल नाही. त्यामुळे तो चूक नोंदवून थांबतो. ‘जीझिप’ला मात्र यातले काही माहीत नसते. त्याच्याकडे शून्य अक्षरे आली, त्याने शून्य अक्षरे इमानेइतबारे दाबली. रिकाम्या मजकुराची जीझिप फाइल 20 बाइटची होते. नाव ठीक, तारीख ठीक, आकार 20 बाइट.

चूक लक्षात का येत नाही, तर दोन प्रोग्राम पाइपने जोडले की यश-अपयश शेवटच्या प्रोग्रामवरून ठरते. शेवटी ‘जीझिप’ आहे आणि ते यशस्वी झाले आहे. क्रॉन ही चूक सर्व्हरवरच्या स्थानिक मेलपेटीत टाकते. ती पेटी कोणी उघडत नाही. मेलची सोयच बसवलेली नसेल, तर संदेश हवेत विरून जातो.

पासवर्ड फाइलमध्ये होता. स्क्रिप्टने फाइल वाचलीही होती. मग तो हरवला कुठे?

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय?

प्रत्येक चालू प्रोग्रामसोबत काही नाव-किमतीच्या जोड्या असतात. घराचा पत्ता सांगणारे ‘होम’, आज्ञा कुठे शोधायच्या ते सांगणारे ‘पाथ’, घड्याळ कोणत्या देशाचे ते सांगणारे ‘टीझेड’. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. बेल लॅब्जच्या युनिक्सची सातवी आवृत्ती 1979 मध्ये आली, त्यात स्टीफन बॉर्न यांचा शेल होता आणि ही सोयही होती. आजचा ‘बॅश’ हा त्याच शेलचा वारस; तो ब्रायन फॉक्स यांनी 1989 मध्ये जीएनयू प्रकल्पासाठी लिहिला.

मराठी वाचकासाठी यातले सर्वात गोड उदाहरण ‘लँग’ हे आहे. उबुंटूसारख्या लिनक्सवर मराठीचा लोकेल बसवून या व्हेरिएबलमध्ये ‘एमआर_आयएन’ अशी किंमत दिली, की ‘डेट’ ही आज्ञा वार आणि महिना मराठीत सांगू लागते. प्रोग्राम तोच, एक अक्षरही बदललेले नाही. त्याने फक्त स्वतःसोबत आलेली जोडी वाचली.

याच तत्त्वाने ‘पीजी डंप’ हा ‘पीजीपासवर्ड’ नावाचे व्हेरिएबल शोधतो. सापडले तर ठीक, नाही तर पासवर्ड विचारतो.

‘टीझेड’चाही एक फटका सांगून टाकायला हवा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा युटीसी वेळेवर चालतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. अशा सर्व्हरच्या क्रॉनमध्ये ‘रात्री 2’ लिहिले, की काम इथे सकाळी साडेसातला सुरू होते.

फळीवरचा डबा आणि पिशवीतला डबा

आता हरवलेल्या पासवर्डकडे. शेलमध्ये दोन प्रकारची व्हेरिएबल असतात आणि दिसायला ती अगदी सारखी असतात.

विरारहून सकाळची लोकल पकडणाऱ्या घरात डबा भरून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेला असतो. तो घरात आहे, घरातल्या सगळ्यांना दिसतो. पण जाणाऱ्याच्या पिशवीत घातला नाही, तर चर्चगेटला त्याच्याजवळ तो नसतो. शेलमध्ये नुसते ‘पीजीपासवर्ड=अमुक’ लिहिणे म्हणजे डबा फळीवर ठेवणे. ‘एक्स्पोर्ट’ करणे म्हणजे पिशवीत घालणे. शेल दुसरा प्रोग्राम सुरू करतो तेव्हा तो प्रोग्राम शेलचे अपत्य असतो आणि त्याला पिशवीतल्या गोष्टीच मिळतात.

वालीवच्या स्क्रिप्टमध्ये नेमके हेच झाले. फाइल वाचली, पासवर्ड फळीवर आला, पिशवीत गेलाच नाही. मग त्या मुलाच्या हाताखाली स्क्रिप्ट चालली कशी? कारण त्याने कधी काळी आपल्या ‘बॅशआरसी’ या फाइलमध्ये तोच पासवर्ड एक्स्पोर्ट करून ठेवला होता. त्याच्या टर्मिनलची पिशवी आधीच भरलेली होती. क्रॉन ती फाइल वाचत नाही.

फसवणुकीला हातभार लावते ती ‘एको’ ही आज्ञा. शंका आली की सगळे आधी एकोने किंमत छापून बघतात. एको घरातलीच आहे, तिला फळीवरचे दिसते. किंमत छापून येते आणि माणूस निर्धास्त होतो. खरी तपासणी ‘प्रिंटईएनव्ही’ने करावी. हा बाहेरचा, स्वतंत्र प्रोग्राम आहे. त्याला दिसले, तर ‘पीजी डंप’लाही दिसेल.

उलट्या दिशेने तर काहीच येत नाही. चर्चगेटला घेतलेली वस्तू विरारच्या फळीवर आपोआप अवतरत नाही. तसेच अपत्य प्रोग्रामने स्वतःपुरते बदललेले व्हेरिएबल मूळ शेलमध्ये परत येत नाही. म्हणून व्हेरिएबल भरणारी वेगळी स्क्रिप्ट ‘बॅश’ लिहून चालवली, तर ती सगळे भरते, संपते आणि सोबत सगळे घेऊन जाते.

मग फाइल वाचायची कशी?

फाइल आपल्याच शेलमध्ये, आपल्याच घरात वाचायची. त्यासाठी ‘सोर्स’ ही आज्ञा आहे. तिचेच जुने आणि सगळीकडे चालणारे रूप म्हणजे नुसता एक टिंब. सोबत वाचलेले सर्व काही आपोआप पिशवीत जावे, असे शेलला आधी सांगायचे आणि काम झाले की ते थांबवायचे :

सेट -ए
. ./.ईएनव्ही
सेट +ए

एवढ्या तीन ओळींनी वालीवचा प्रश्न सुटतो. पहिली ओळ म्हणते, यापुढे जे व्हेरिएबल ठरेल ते एक्स्पोर्ट कर. दुसरी फाइल वाचते. तिसरी ती सवय बंद करते.

इथे एक खाच आहे. उबुंटूवर ‘एसएच’ या नावाने 2006 पासून बॅश चालत नाही, ‘डॅश’ नावाचा छोटा शेल चालतो. त्याला ‘सोर्स’ हा शब्द कळत नाही, टिंब कळते. क्रॉनही आज्ञा चालवायला मुळात ‘एसएच’च वापरते. त्यामुळे ‘टर्मिनलवर चालले, क्रॉनमध्ये नाही’ या तक्रारीचे हे आणखी एक कारण. टिंबानंतर ‘./’ लिहिण्यालाही अर्थ आहे. ते नसेल तर डॅश ती फाइल चालू फोल्डरमध्ये न शोधता ‘पाथ’मधल्या फोल्डरांत शोधत बसतो. क्रॉनसाठी तर फाइलचा पूर्ण पत्ताच द्यावा, कारण क्रॉनचे काम स्क्रिप्टच्या फोल्डरमधून सुरू होत नाही, वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून होते.

जी एक ओळ सगळे कॉपी करतात

अंतिम वर्षाचे प्रोजेक्ट असो वा फ्रीलान्स काम, यासाठी एक ओळ हातोहात फिरत असते : एक्स्पोर्ट, कंसात ‘कॅट’ने फाइल, पाइप, ‘एक्सआर्ग्ज’. दिसायला सुटसुटीत, आणि साध्या किमतींसाठी चालतेही. म्हणूनच ती धोकादायक आहे.

फाइलमध्ये ‘शहर=वसई विरार’ अशी ओळ असेल, तर ही युक्ती जागेवर तुकडे पाडते. ‘शहर’ची किंमत नुसती ‘वसई’ होते आणि ‘विरार’ हे दुसरे, किंमत नसलेले व्हेरिएबल समजले जाते (प्रत्यक्ष फाइलमध्ये हे शब्द रोमन अक्षरांत आहेत असे धरू). चूक दाखवली जात नाही. बरे, किमतीला अवतरणचिन्हे लावली तर? एक्सआर्ग्ज ती चिन्हे स्वतःच काढून टाकतो आणि तुकडे पुन्हा पडतातच. पासवर्डमध्ये तारांकित चिन्ह असेल, तर शेल त्या नमुन्याशी जुळणारी फाइलनावे शोधू पाहतो. ‘#’ने सुरू होणाऱ्या टिपांच्या ओळीही गाळल्या जात नाहीत, त्यासाठी लोक मध्ये ‘ग्रेप’ घुसवतात आणि ओळ आणखी लांबते, मूळ दुखणे तसेच राहते.

दुसरी लोकप्रिय पद्धत म्हणजे कॅटचा पाइप ‘व्हाइल रीड’ या लूपमध्ये सोडणे आणि आत एकेक ओळ एक्स्पोर्ट करणे. विचार बरोबर, जोडणी चुकीची. बॅशमध्ये पाइपच्या उजवीकडचा लूप नेहमीच्या मांडणीत वेगळ्या उप-शेलमध्ये चालतो. लूप संपला की तो उप-शेल जातो आणि व्हेरिएबलही जातात. पुन्हा तेच चर्चगेट. हाच लूप पाइपऐवजी ‘<’ या चिन्हाने फाइलला जोडला, तर तो आपल्याच शेलमध्ये चालतो.

असा लूप नीट लिहिला, तर सोर्सपेक्षा तो सुरक्षितही ठरतो. रिकाम्या ओळी आणि # च्या ओळी वगळायच्या; पहिल्या ‘=’ चिन्हाच्या डावीकडचे नाव, उजवीकडचे सगळे किंमत धरायचे. पहिल्याच, कारण किमतीतही ‘=’ असू शकते; अनेक सांकेतिक किल्ल्या त्याच चिन्हाने संपतात. नावात अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर यांखेरीज काही दिसले तर थांबायचे. शेवटच्या ओळीनंतर एंटर दिलेला नसेल, तर ‘रीड’ ती ओळ वाचूनही अपयश कळवतो आणि साधा लूप ती टाकून देतो. फाइलमधले शेवटचे व्हेरिएबल तेवढे का मिळत नाही, याचे उत्तर इथे असते.

सोर्समध्ये धोका कसला?

सोर्स फाइल नुसती ‘वाचत’ नाही, चालवते. फाइलमधली प्रत्येक ओळ आज्ञा म्हणून घेतली जाते. ‘शहर=वसई विरार’ ही ओळ सोर्सला दिली, तर शेलच्या लेखी त्याचा अर्थ : ‘विरार’ नावाचा प्रोग्राम चालव आणि त्या वेळेपुरते शहर=वसई धर. उत्तर येते, विरार : कमांड नॉट फाउंड. स्टेशनवर उभे असल्याशिवाय हा विनोद कळायचा नाही.

पासवर्डमधले ‘$’ अधिक छळते. ‘वसई$123’ असा पासवर्ड उघडा लिहिला, तर शेल ‘$1’ला स्क्रिप्टचा पहिला आर्ग्युमेंट समजतो. तो नसला तर तिथे काहीच उरत नाही आणि पासवर्ड ‘वसई23’ होतो. डेटाबेस म्हणतो पासवर्ड चुकीचा, माणूस फाइल उघडून बघतो तर बरोबर. पत्त्यात ‘&’ असेल तर त्याच्या डावीकडचा भाग पार्श्वभूमीत, दुसऱ्या उप-शेलमध्ये जातो आणि व्हेरिएबल इथे ठरतच नाही.

उपाय सोपा : सोर्स करायच्या फाइलमध्ये किंमत एकेरी अवतरणात लिहावी. एकेरी अवतरणात शेल कशालाही हात लावत नाही. दुहेरी अवतरणात मात्र ‘$’ चालूच राहते. आणि ज्या फाइलमध्ये दुसऱ्या कोणाला लिहिता येते, ती सोर्स करूच नये. त्यात कोणी सगळे पुसणारी आज्ञा लिहिली, तर तीही तितक्याच आज्ञाधारकपणे चालेल.

व्हेरिएबलच्या किमतीत लपलेली आज्ञा चालण्याचा सर्वात गाजलेला प्रकार सप्टेंबर 2014 मध्ये जगाने पाहिला. स्टेफान शाझेला यांनी बॅशमधली त्रुटी शोधली, तिला ‘शेलशॉक’ हे नाव पडले. व्हेरिएबलमध्ये एका विशिष्ट आकाराचा मजकूर भरला की बॅश सुरू होतानाच त्यातली आज्ञा चालवत असे. वेब सर्व्हर बाहेरून आलेली माहिती व्हेरिएबलमध्येच भरून स्क्रिप्टला देत, त्यामुळे तो मजकूर दुरून पाठवणे शक्य होते. ही त्रुटी बॅशच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून कोडमध्ये पडून होती.

तीच फाइल, चार अर्थ

डॉट ईएनव्ही फाइलला सर्वमान्य असे कोणतेही प्रमाण नाही, आणि गोंधळाचे हे मूळ आहे. सेटिंग कोडच्या बाहेर, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवावीत हा विचार हेरोकू कंपनीच्या लोकांनी 2011 मध्ये मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह फॅक्टर’ या मांडणीने रुजवला. त्यानंतर रूबी, पायथन, नोडसाठी अशी फाइल वाचणारी पॅकेजे आली. नोडने तर 20.6 आवृत्तीपासून ती सोय आतच दिली. प्रत्येकाने आपापले नियम केले.

‘शहर="वसई विरार"’ ही ओळ सोर्सने वाचली, तर अवतरणचिन्हे जातात आणि किंमत उरते. ‘डॉकर रन’ला तीच फाइल दिली, तर तो अवतरणचिन्हे किमतीचाच भाग मानतो. डॉकर कंपोज मात्र ती काढून टाकतो. सिस्टमडी अवतरणे समजून घेते, पण ‘$’ उलगडत नाही आणि ओळीच्या सुरुवातीला ‘एक्स्पोर्ट’ लिहिलेले तिला चालत नाही. त्यामुळे एकच फाइल शेललाही आणि डॉकरलाही द्यायची असेल, तर किमतीत जागा, अवतरण, डॉलर असे काही ठेवूच नये. लांब पासवर्ड नुसत्या अक्षर-अंकांचा बनवला तरी पुरेसा मजबूत होतो. डोके शांत राहते ते वेगळेच.

न दिसणारे अक्षर

फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये तयार करून सर्व्हरवर टाकली, की आणखी एक पाहुणा सोबत येतो. विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हे वापरते, लिनक्स एक. जास्तीचे चिन्ह प्रत्येक किमतीच्या शेवटी चिकटून राहते. पासवर्ड डोळ्याला तंतोतंत तोच, प्रत्यक्षात एका अक्षराने लांब. ‘कॅट -ए’ने (यातला ए कॅपिटल) फाइल पाहिली, तर ओळींच्या शेवटी ‘^एम’ दिसते. ‘डॉस टू युनिक्स’ हे छोटे साधन ते काढून टाकते. फक्त पहिलेच व्हेरिएबल मिळत नसेल, तर फाइलच्या आरंभी बीओएम नावाचे अदृश्य चिन्ह आहे का, तेही पाहावे.

फाइल बाहेर गेली तर?

इथवर बोललो ते पासवर्ड पोहोचत नाही त्याबद्दल. नको तिथे पोहोचला, तर किंमत मोठी असते.

उबरच्या अभियंत्यांच्या खासगी गिटहब कोडसाठ्यात हल्लेखोर 2016 मध्ये शिरले. तिथे त्यांना ॲमेझॉन क्लाउडची किल्ली सापडली आणि तिच्या साहाय्याने 5 कोटी 70 लाख प्रवासी-चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने 1 लाख डॉलर देऊन प्रकरण दाबले. ते नोव्हेंबर 2017 मध्ये उघड झाले. अमेरिकेतील राज्यांशी तडजोड करताना 2018 मध्ये 14 कोटी 80 लाख डॉलर मोजावे लागले आणि कंपनीचे तत्कालीन सुरक्षाप्रमुख जो सलिव्हन 2022 मध्ये न्यायालयात दोषी ठरले. टोयोटाच्या ‘टी-कनेक्ट’ सेवेची किल्ली डिसेंबर 2017 पासून सप्टेंबर 2022 पर्यंत, जवळपास पाच वर्षे गिटहबवर सार्वजनिक होती. 2 लाख 96 हजार 19 ग्राहकांचे ईमेल पत्ते त्यामुळे धोक्यात आले.

या झाल्या मोठ्या कंपन्या. लहान वेबसाइटचा मालक म्हणेल, आमच्याकडे कोण येतो? यंत्र येते. पालो अल्टो नेटवर्क्सच्या ‘युनिट 42’ या गटाने ऑगस्ट 2024 मध्ये एका खंडणी-मोहिमेची माहिती दिली. हल्लेखोरांनी आपोआप चालणाऱ्या साधनांनी 23 कोटींहून अधिक पत्ते धुंडाळले आणि वेबसाइटवरून सरळ उघडता येणाऱ्या डॉट ईएनव्ही फाइल गोळा केल्या. 1 लाख 10 हजार डोमेन त्यांच्या लक्ष्यावर होती; फाइलींतून 90 हजारांहून अधिक वेगवेगळी व्हेरिएबल मिळाली आणि त्यांतील 7 हजार क्लाउड सेवांची होती. त्याआधी जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय आणि सिसा या संस्थांनी ‘अँड्रोक्सघोस्ट’ या मालवेअरबद्दल इशारा दिला होता. त्याचेही भक्ष्य हीच फाइल.

कारण बहुतेकदा क्षुल्लक असते : फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, तोच फोल्डर वेब सर्व्हर जगाला दाखवत असतो. टिंबाने सुरू होणारे नाव फाइलच्या यादीत लपते, ब्राउझरपासून लपत नाही.

भारतात कायद्याची बाजूही आता आहे. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर या कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वालीवच्या गाळ्यातली कामगारांची हजेरी आणि बँक खाती हीसुद्धा वैयक्तिक माहितीच.

काय तपासावे?

सर्व्हर हाती असलेल्याने आधी फाइलची परवानगी पाहावी. ‘सीएचमॉड 600’ केले की मालकाशिवाय (आणि रूटशिवाय) ती कोणाला वाचता येत नाही. फाइल वेबसाइटच्या फोल्डरबाहेर असावी. ‘गिटइग्नोर’मध्ये तिचे नाव पहिल्या कमिटच्या आधी जावे; नंतर लिहून आधी नोंदलेली फाइल गिट विसरत नाही. नमुना म्हणून किमती नसलेली दुसरी फाइल कोडसोबत ठेवता येते.

स्क्रिप्टमध्ये चूक शोधताना ‘सेट -एक्स’ चालू ठेवून फाइल सोर्स करू नये. शेल प्रत्येक ओळ छापतो, पासवर्डसह, आणि लॉग वर्षानुवर्षे पडून राहतात. तसेच एन्व्हायर्नमेंट म्हणजे तिजोरी नव्हे. लिनक्सवर चालू प्रोग्रामची व्हेरिएबल त्याच वापरकर्त्याच्या इतर प्रोग्रामांना आणि रूटला वाचता येतात. पोस्टग्रेससाठी तर ‘पीजीपास’ ही वेगळी फाइल वापरणे जास्त चांगले. त्या फाइलची परवानगी सैल असेल, तर पोस्टग्रेस ती वाचायलाच नकार देते.

पासवर्ड गिटहबवर चुकून गेलाच, तर पुढच्या कमिटमध्ये फाइल पुसून काही होत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. गिटहब 2024 पासून सार्वजनिक कोडसाठ्यात ओळखू येणाऱ्या किल्ल्या ढकलताना अडवते, पण घरी ठरवलेला डेटाबेसचा पासवर्ड ओळखायचा कसा, हे त्यालाही कठीण. म्हणून आधी पासवर्ड बदलायचा, इतिहास साफ करण्याचे काम मागाहून.

राहिली वालीवची स्क्रिप्ट. तिच्यात फाइलचा पूर्ण पत्ता, आधी-नंतर ‘सेट -ए’ आणि ‘सेट +ए’, आणि सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ ही ओळ हवी. त्यामुळे पाइपमधला पहिला प्रोग्राम पडला तरी अपयश कळते. मात्र बॅकअपनंतर तो निकाल तपासून निरोप पाठवणारी ओळही सोबत लागते, आणि तो निरोप मेलपेटीत न पडता मालकाच्या फोनवर गेला पाहिजे. शेवटी फाइलचा आकार पाहणारी एक अट. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून, कालचे शेवटचे बिल त्यात आहे का ते पाहायचे. अंधेरीची नोकरी करणाऱ्या मुलाला हे सगळे बसवायला अर्धा रविवार पुरेल.